पार्किंगचं पाणी ओढ्यात सोडण्याआधी

ताई, तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं नीट लागेल. सांगलीत विश्रामबागेच्या पुढे तुमची ६४ फ्लॅटची सोसायटी आहे. जागा साधारण एक एकर, मागच्या कुंपणाला लागून ओढा. वळीव झाला की पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी साचतं. ठेकेदार म्हणतो, राहिलेल्या मातीच्या पट्ट्यावरही काँक्रीट करा, मागच्या बाजूला उतार द्या आणि बारा इंची पाइप टाकून सगळं पाणी ओढ्यात सोडा. काही सभासदांचं मत आहे की पाइपचा खर्च तरी कशाला, गच्चीचे पाइप आणि पार्किंगची जाळी ड्रेनेजच्या चेंबरलाच जोडून टाकू. पहिल्या पावसानंतर ओढ्याला येणारं काळं, तेलकट पाणी तुम्ही दरवर्षी बघता, त्यामुळे तुम्हाला दोन्ही पटत नाही. पण सभेत 'शेरीनाल्यातून (शहराचं सांडपाणी कृष्णेत नेणारा नाला) एवढं जातंय, तिथं आपल्या पार्किंगचं काय घेऊन बसलात' असं म्हणून विषय संपवला जातो.

मी तीस वर्षं गटारं, नाले आणि ड्रेनेज ह्याच कामात काढली. माझं उत्तर असं की दोन्ही करू नका. पाणी जागेवर अडवा, सावकाश सोडा, आणि सोडण्याआधी त्यातला गाळ आणि तेल बाजूला काढा. ते कसं, हे पुढे सांगतोच. आधी सभासदांना देता येईल असा हिशेब घ्या.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमच्या एकरातली गच्ची, रस्ता, पार्किंग मिळून २८०० चौरस मीटर जागा पक्की आहे असं धरू. दहा मिलिमीटरची एक सर आली, जी वळवात अर्ध्या तासात सहज येते, की त्यावर २८,००० लिटर पाणी पडतं. थोडं मुरतं, थोडं वाळतं, तरी २५,००० लिटर वाहतं. म्हणजे दहा हजारी अडीच टँकर. आता दुसरी बाजू. ६४ घरांत मिळून अडीचशे माणसं धरा. शहरी पाणीपुरवठ्याच्या मापाने माणशी रोज १३५ लिटर पाणी लागतं आणि त्यातलं साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होऊन ड्रेनेजला जातं. दिवसाचं झालं २७,००० लिटर. म्हणजे तुमच्या सोसायटीचं दिवसभराचं सांडपाणी जेवढं, जवळजवळ तेवढंच पाणी एक सर अर्ध्या तासात आणून टाकते. ड्रेनेजची लाइन, पुढचं पंपिंग स्टेशन, शुद्धीकरण केंद्र हे सगळं दिवसभर हळूहळू येणाऱ्या सांडपाण्याच्या मापाने बांधलेलं असतं. त्यात अर्ध्या तासात दिवसाचा माल ओतला तर मॅनहोलची झाकणं उचलली जातात आणि संडासाचं पाणी रस्त्यावर येतं. तिथून नाल्यात, नाल्यातून कृष्णेत.

शेरीनाल्याचं उत्तर ह्यातच आहे. त्याचं पाणी उपसून धुळगावकडे शेतीला न्यायची योजना झाली, पण पाऊस आला की नाल्यात येणारं पाणी उपशाच्या ताकदीबाहेर जातं आणि उरलेलं सरळ पात्रात उतरतं. पंप उचलतो ते ठरलेलंच उचलतो. सांडपाण्याच्या वाटेत सोडलेला पावसाचा प्रत्येक लिटर तेवढंच मैलापाणी नदीकडे ढकलतो. त्यामुळे 'आपल्या पार्किंगचं काय' म्हणणाऱ्यांना सांगा, की आपलं पार्किंग ड्रेनेजला जोडलं तर शेरीनाल्यासारखाच प्रकार आपल्या दारात सुरू होईल.

सांगलीकरांच्या डोक्यात पाणी म्हटलं की महापूर असतो, आणि ते साहजिक आहे. २००५, २०१९, २०२१ आपण विसरूच शकत नाही. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना. पण तो पूर आपल्या गावच्या पावसाचा नसतो. तो महाबळेश्वर, कोयना, वारणेच्या खोऱ्यातला पाऊस असतो. आपल्याकडे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. पाणी वरून येतं, घाण मात्र आपली असते. आणि ती घाण नदीत जाण्याचा सगळ्यात वाईट दिवस महापुराचा नसतोच. तो असतो एप्रिल-मे महिन्यातल्या पहिल्या वळवाच्या संध्याकाळचा. पात्रात पाणी कमी, वाहणं मंद, पाणी तापलेलं, त्यामुळे त्यात प्राणवायू आधीच कमी. अशात सहा-सात महिने रस्त्यांवर, पार्किंगमध्ये आणि गटारात साठलेलं सगळं अर्ध्या तासात येऊन पडतं. त्यातलं पालापाचोळ्याचं आणि मैल्याचं सडणं उरलासुरला प्राणवायू ओढून घेतं आणि दुसऱ्या दिवशी काठाला मासे उलटे तरंगताना दिसतात. जुलैच्या पुरात तेवढीच घाण गेली तर नदी ती पातळ करून टाकते. म्हणून माझं सगळं लक्ष वर्षातल्या पहिल्या तीन-चार पावसांकडे आणि प्रत्येक पावसाच्या पहिल्या वीस मिनिटांकडे असतं. तेवढं सांभाळलं की अर्ध्याहून जास्त काम झालं, असं मी अनुभवाने सांगतो.

त्या वीस मिनिटांच्या पाण्यात असतं तरी काय? गाड्यांच्या इंजिनमधून ठिबकलेलं ऑइल, टायरची झिजलेली पूड, ब्रेकच्या लायनरची भुकटी आणि तिच्यातला तांब्याचा अंश, कुत्र्यांची विष्ठा, गुलमोहराचा कुजका पाला, बागेत जास्त झालेला युरिया, शेजारच्या बांधकामावरची सिमेंटची राबडी. सिमेंटचं पाणी तर इतकं क्षारीय असतं की ओढ्यातली बारकी मासळी त्याने लगेच मरते. खत आणि पाल्यातून उतरणारा फॉस्फरस हे जलपर्णीचं खाद्य. उन्हाळ्यात पात्रावर ती हिरवी चादर पसरते, तिचं पोट भरणाऱ्यांत आपली पार्किंगंही आहेत. पुढे हेच पाणी अंकली, मिरजेचा कृष्णाघाट, म्हैसाळ असं जातं. म्हैसाळ योजना ते उचलून कवठेमहांकाळ, जतच्या दुष्काळी शिवारांत नेते. तिथली माणसं ह्या पाण्याची वर्षानुवर्षं वाट बघत होती.

आता कामाचं. ठेकेदाराला फोन करण्याआधी एक संपूर्ण पाऊस छत्री घेऊन आवारात फिरा. मी कुठल्याही जागेचा नकाशा पाहण्याआधी हेच करतो. बरोबर खडू घ्या. पाणी कुठून कुठे जातं, कुठे थांबतं, कुठल्या पाइपमधून किती जोरात पडतं, तिथे तिथे फरशीवर खूण करा आणि पाऊस थांबल्यावर लगेच फोटो काढा. बऱ्याच ठिकाणी असं दिसतं, की साचलेलं पाणी एखाद्या गच्चीच्या पाइपचं असतं, जो उगाच पार्किंगच्या मधोमध सोडलेला असतो. तो पाइप दुसरीकडे वळवला की निम्मा प्रश्न सुटतो.

दुसरी पाहणी कोरड्या दिवसांत करा. सलग तीन दिवस पाऊस नसताना तुमच्या पावसाळी गटारात पाणी वाहतंय का बघा. वाहत असेल तर ते पावसाचं नाही. कोणाच्या तरी स्वयंपाकघराची मोरी, वॉशिंग मशीनचा पाइप किंवा संडासाची लाइन चुकून (कधी मुद्दाम) त्यात जोडलेली आहे. शोधायची सोपी युक्ती म्हणजे एकेका मोरीत बादलीभर पाण्यात खायचा लाल रंग कालवून ओता आणि खाली गटारावर एक माणूस उभा करा. रंग आला की जोड सापडला. ह्यात कोणाला चोर ठरवायचं नाही, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. नूतनीकरण करताना प्लंबरने जवळचा पाइप बघून जोडलेला असतो, घरमालकाला माहीतही नसतं.

आता मातीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त चुका इथे होतात. शोषखड्डा घ्या, पाणी जिरेल, असं कोणीही सांगतं. आपली काळी माती पाणी पिते ती फक्त मे महिन्यात, आणि तेही तिला पडलेल्या भेगांतून. एकदा भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि मग तिच्यावर पाणी ठेवलं तर दिवसचे दिवस हलत नाही. हरिपूरला हळदीची पेवं होती ती आठवा. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डे, त्यात हळद वर्षानुवर्षं कोरडी राहायची, कारण तिथली माती पाण्याला आत येऊच देत नव्हती. शेवटी २००५ च्या पुराने वरूनच पेवं भरली, तेव्हा हळद गेली. ज्या मातीने हळद कोरडी ठेवली ती तुमचं पार्किंगचं पाणी काय जिरवणार?

माझ्या हातून ही चूक झालेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सोसायटीत मी मे महिन्यात खड्डा खणून त्यात पाणी ओतून बघितलं. वीस मिनिटांत गायब! खूश होऊन चार शोषखड्डे करून घेतले. जुलैमध्ये चारही खड्डे तोंडापर्यंत भरून राहिले, डास झाले आणि त्या आवारातल्या दोन मुलांना डेंग्यू झाला. तो डास तिथलाच होता हे कोणी सिद्ध केलं नाही, पण मला ते आजही लागून राहिलं आहे. तेव्हापासून मी जिरण्याची चाचणी माती भिजल्यावरच घेतो. फूटभर रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या, आदल्या दिवशी तो दोनदा भरून माती फुगू द्या, मग भरा आणि घड्याळ लावा. चोवीस तासांत रिकामा झाला तर ठीक. नाही झाला तर त्या जागी पाणी जिरवायचा नाद सोडा. कुपवाडच्या माळाकडे थोड्या खोलीवर मुरूम लागतो, तिथे जमतं. नदीकाठच्या सखल भागात पावसाळ्यात भूजलच वर आलेलं असतं, तिथे काहीच उपयोग नाही.

तुमची जागा मधल्या पट्ट्यात आहे, त्यामुळे मी खालून नळी असलेली पाणबाग, म्हणजे पाणी आत घेऊन गाळून सोडणारी खोलगट बाग, करायला सांगेन. ठेकेदार ज्या मातीच्या पट्ट्यावर काँक्रीट टाकायला निघालाय, तोच पट्टा ह्यासाठी हवा. आपल्याकडे बागेचे वाफे फरशीपेक्षा उंच बांधायची पद्धत आहे. बाजूने विटांची कड, आत माती. पाऊस आला की वाफ्यातली माती फरशीवर येते आणि फरशीचं पाणी वाफ्यात जात नाही. हे उलटं करा. बाग फरशीपेक्षा वीतभर खाली घ्या आणि कडेला दर पाच-सहा फुटांवर वीतभर रुंदीची फट ठेवा, म्हणजे पार्किंगचं पाणी आपोआप आत उतरेल. १२०० चौरस मीटर पार्किंगला साठ ते ऐंशी चौरस मीटरची बाग पुरते.

खालची रचना अशी घ्या. तळाला फूटभर जाड खडी, तिच्यात बुडालेली चार इंची भोकं पाडलेली नळी. वर बारीक खडीचा पातळ थर, मग दोन फूट भर. त्या भरीत निम्म्याहून जास्त वाळू, बाकी चांगली माती आणि पाचवा हिस्सा मुरलेलं कंपोस्ट. काळी माती त्यात अजिबात घालू नका. आता नदीची वाळू कोणी देणार नाही आणि मागूही नये. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) चालते, पण धुतलेलीच घ्या. न धुतलेल्या क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी असते, ती पहिल्या पावसात खाली बसून सिमेंटसारखी आळते आणि बाग वर्षभरात तळं होते. ट्रक रिकामा होण्याआधी मूठभर वाळू काचेच्या बाटलीत पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. दहा मिनिटांनी वर पाणी नितळ झालं नाही, किंवा वाळूवर बोटभर जाड चिखलाचा थर बसला, तर ट्रक परत पाठवा. ठेकेदार कुरकुर करेल, तरी पाठवा.

झाडं अशी हवीत की जी दोन दिवस पाण्यात राहतील आणि सात-आठ महिने कोरड्यातही तगतील. वाळा ह्यात पहिल्या नंबरचा, त्याची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. पाणी जिथे आत उतरतं त्या तोंडाशी लव्हाळा आणि कर्दळ, बाकी हरळी. ह्या बागेला खत कधीच घालायचं नाही, ती घाण पकडायला केली आहे. पाणी वीतभर साचलं की जादाचं एका उभ्या पाइपमधून बाहेर जाईल अशी सोय ठेवा, आणि साचलेलं पाणी चोवीस तासांत दिसेनासं व्हायला हवं. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभर लागतो, त्यामुळे एवढ्यात तो होत नाही.

पार्किंगचं पाणी बागेत जाण्याआधी एका चेंबरमधून न्या. हे काम छोटं आहे पण मला फार महत्त्वाचं वाटतं. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट खोल पक्कं चेंबर. एका बाजूने पाणी आत येतं. दुसऱ्या बाजूच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला आतून बेंड लावून त्याचं तोंड खाली करायचं, पाण्याच्या पातळीखाली फूटभर बुडेल असं. तेल वर तरंगतं, गाळ तळाशी बसतो आणि पाइप मधलं पाणी उचलतो. पहिल्या वळवानंतर झाकण उघडलंत तर वर तेलाचा इंद्रधनुषी तवंग दिसेल. तो जुन्या गोणपाटाने टिपून घ्या, ते गोणपाट गॅरेजवाल्याच्या वापरलेल्या ऑइलबरोबर द्या, गटारात पिळू नका. झाकण घट्ट हवं, फटी राहिल्या तर डास होतात.

गच्चीचं पाणी ह्या सगळ्यात मिसळू नका. ते तुलनेने स्वच्छ आहे. पावसाळ्याआधी गच्ची झाडून घ्या, पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्यायला पाइपला व्हॉल्व्ह ठेवा आणि नंतरचं टाकीत घ्या. तुमची बोअर मुरूम-खडकात असेल तर गाळणीतून बोअरलाही देता येईल. पार्किंगचं पाणी मात्र बोअरमध्ये कधीही नाही. नदीतली घाण वाहून तरी जाते, भूजलात गेलेली काढायला कोणाकडे उपाय नाही.

बांधकामापेक्षा झाडूचं काम मोठं आहे, हे मी सभेत उभं राहून सांगायला तयार आहे. एप्रिलपासून पार्किंग दर आठवड्याला कोरडं झाडायचं, पाइप लावून धुवायचं नाही. धुतलं की घाण फक्त पुढे सरकते. गाड्या धुवायच्या तर कोपऱ्यातल्या हिरवळीवर, बादलीने. कोणाच्या घरी रंगकाम किंवा फरशीकाम निघालं तर वाळूचा ढीग ताडपत्रीखाली आणि ब्रश धुतलेलं पाणी मोरीत. आणि गटार साफ केल्यावर गाळ त्याच दिवशी उचलायचा. गावभर काय होतं ते तुम्ही बघताच. मे अखेरीला गाळ काढतात, सुकायला म्हणून गटाराच्या काठावरच ढीग लावतात, ट्रॉली येईपर्यंत मृगाची सर येते आणि सगळा गाळ पुन्हा गटारात. मजुरी गेली, गाळ तिथेच. तुमच्या आवारात तरी हे होऊ देऊ नका. बाहेरच्या रस्त्यासाठी प्रभाग कार्यालयाला लेखी पत्र द्या, त्यात साफसफाईच्या तारखेबरोबर गाळ उचलण्याची तारीखही मागा.

ओढ्याबद्दल शेवटचं. उभ्या पाइपमधून येणारं जादाचं पाणी तिथेच जाणार, ते ठीक आहे. पण बारा इंची पाइपचं तोंड ओढ्याच्या काठात घुसवलं तर जोराच्या धारेने काठ खचेल. तोंडासमोर सात-आठ फूट मोठे दगड रचा, वेग मोडला पाहिजे. काठावरचं गवत आणि झुडपं तोडून स्वच्छ दिसावं म्हणून काँक्रीट करू नका, तो पट्टाच गाळ अडवतो. पाइपची पातळी ओढ्याच्या भरलेल्या पातळीपेक्षा वर आहे ना, हे पारदर्शक नळीत पाणी भरून तपासून घ्या. नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भागात राहणाऱ्या कोणालाही विचारा, नदी चढली की पाणी सगळ्यात आधी नाल्यातून उलटं घरात येतं. तुमच्याकडे नदी पोहोचत नाही, पण ओढा तुंबला तर हाच पाइप उलटा चालेल. शंका असेल तर तोंडाला एका बाजूने उघडणारी झडप बसवा.

सभेत अजूनही कोणाला पटलं नाही तर एक करा. अजून एखादा वळीव नक्की होईल. पाण्याच्या चार रिकाम्या बाटल्या तयार ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर पाचव्या मिनिटाला पार्किंगच्या जाळीपाशी पहिली भरा, विसाव्या मिनिटाला दुसरी, तासाने तिसरी. चौथी दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यात उतरून भरा. प्रत्येकीवर वेळ लिहा, रात्रभर हलवू नका आणि सभेच्या टेबलावर ओळीने मांडून ठेवा. मग ठेकेदाराच्या कोटेशनचा विषय घ्या.